कर्ता फरार

"मद्यधुंद अवस्थेत काम करणाऱ्या मजुराचा गोदामातील खोके अंगावर पडून दुर्दैवी मृत्यू झाल्याची घटना बुधवारी घडली."

पंधरा शब्दांचं वाक्य. गेल्या पावसाळ्यात एका पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, छत्र्यांच्या जाहिरातीला चिकटून आलं. मी ते दोनशे वेळा वाचलं असेल. मेलेला माणूस माझा जोडीदार होता. तो खोकं द्यायचा, मी थप्पी लावायचो. परभणीकडचा, मातंग समाजातला, वय चोवीस, लग्नाला दीड वर्ष. तो प्यायचा का? प्यायचा. रविवारी. त्या दिवशी बुधवार होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि सकाळपासून त्याच्या पोटात दोन वडापाव आणि एक कटिंग सोडून काही गेलं नव्हतं.

आता मी कोण ते सांगतो. मी डॉकवर हमाली करतो. डॉक म्हटलं की तुम्हाला समुद्र दिसेल, बोटी दिसतील. तसलं काही नाही. भिवंडीत डॉक म्हणजे गोदामाच्या तोंडाशी बांधलेला छातीएवढा ओटा. कंटेनर पाठ लावून उभा राहतो, दार उघडतं, आम्ही आत शिरतो. मुंबईत ज्या खोक्यासाठी बेल वाजते ते खोकं आधी आमच्या पाठीवरून गेलेलं असतं. शिक्षण दहावी, तेही रात्रशाळेत. कविता करतो. एवढं सगळं सांगितलं, कारण या लेखात मी शिकल्यासवरल्या पत्रकारांना बातमी लिहायला शिकवणार आहे. तेव्हा 'हा कोण टिकोजीराव लागून गेला' हा प्रश्न येणारच. येऊ दे.

पेपरवाले बातमीच्या पहिल्या वाक्याला 'इंट्रो' म्हणतात. त्यांच्या शाळेत शिकवतात की कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसे, हे सहा ककार बातमीच्या तोंडाशी आले पाहिजेत. किपलिंग नावाचा साहेब होता. जन्म मुंबईचा, 1865 चा. लाहोर आणि अलाहाबादच्या गोऱ्यांच्या पेपरांत त्याने नोकरी केली. त्याने या सहा प्रश्नांना एका पद्यात आपले सहा इमानी चाकर म्हटलंय. साहेबच तो, त्याला प्रश्नसुद्धा चाकरच दिसणार. आमच्या मराठी पेपरांनी हे चाकर ठेवून घेतले, पण त्यातला एक चाकर कामावर येतच नाही. 'कोण'. म्हणजे मेला कोण, जळालं कोण, हे तो सांगतो. मारलं कोणी, जाळलं कोणी, हे विचारलं की रजेवर.

वरचं वाक्य पुन्हा वाचा. खोके अंगावर 'पडून'. मृत्यू 'झाल्याची'. घटना 'घडली'. तीन क्रियापदं आणि एकालाही करणारा नाही. खोकी आपली आपण पडली, मृत्यू आपला आपण झाला, घटना आपली आपण घडली. अख्ख्या वाक्यात काहीतरी 'करणारा' एकच माणूस आहे, आणि तो मेलेला आहे. तो मद्यधुंद अवस्थेत काम करत होता! व्याकरणानेच निकाल देऊन टाकला. पंचनामा नाही, साक्ष नाही, कोर्ट नाही.

आमच्या रात्रशाळेतले मास्तर सांगायचे, वाक्यातला कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला 'कोण' म्हणून विचारा. दोस्तांनो, रोज सकाळी चहाच्या टपरीवर पेपर उघडा आणि मास्तरांचा प्रश्न विचारा. 'हल्ला करण्यात आला.' कोणी केला? 'गोळीबार करावा लागला.' कोणी केला? 'करावा लागला' म्हणजे काय, बंदूक लघवीला आली होती? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ सापडली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं मेली. पोलीस म्हणाले, जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. पुढे गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि 2009 साली कोर्टाने फौजदाराला जन्मठेप दिली. 'करावा लागला'चं 'केला' व्हायला बारा वर्षं लागली. एक क्रियापद दुरुस्त करायला बारा वर्षं!

आमच्या भिवंडीचं घ्या. 7 मे 1970, शिवजयंतीची मिरवणूक. 'दंगल उसळली.' उसळायला ती काय समुद्राची लाट आहे? लाटेला पाठवणारा नसतो, दंगलीला असतो. त्या 'उसळली'चा कर्ता शोधायला न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, वर्षानुवर्षं साक्षी झाल्या, अहवालाचे खंडच्या खंड झाले. तोवर पेपरवाल्यांचं 'उसळली' लोकांच्या डोक्यात दगडासारखं बसलं. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली तेव्हा क्रियापद तयारच होतं.

21 सप्टेंबर 2020. धामणकर नाक्याजवळचं पटेल कंपाउंड. पहाटे माणसं झोपेत असताना जिलानी इमारत 'कोसळली', पस्तीसहून जास्त माणसं गेली. 29 एप्रिल 2023. वळपाड्याचं वर्धमान कंपाउंड. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. खाली हमाल माल भरत होते, वर बायापोरं होती, आणि इमारत 'कोसळली'. आठ माणसं गेली. हे आमच्या डॉकपासून लांब नाही. इमारत कोसळते म्हणे! इमारत झाडाचं पिकलं पान आहे काय? कोणीतरी बांधलेली असते, कोणीतरी भाडं खात असतं, कोणीतरी नकाशा न बघता डोळे मिटलेले असतात. इतकी माणसं एका वाक्यातून गायब करायची तर हात साफ पाहिजे. त्या हाताला पत्रकारिता म्हणतात.

आणि गटार. 'सेप्टिक टँकमध्ये गुदमरून तीन कामगारांचा मृत्यू.' गुदमरले म्हणे. त्यांना आत उतरवलं कोणी? हाताने मैला साफ करायला लावणं 1993 साली कायद्याने बंद झालं. 2013 साली दुसरा कायदा आला, त्यात संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं हा गुन्हा ठरला. मार्च 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर 2023 मध्ये तीस लाख केले. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांत तिथे गुन्हेगार आहे. बातमीच्या डोळ्यांत तिथे फक्त वायू आहे. विषारी वायू! आरोपी वायू, फरार.

आता त्यांचा शब्दकोश बघा.

'किरकोळ कारणावरून.' ही यांची आवडती सुरुवात. 2015 साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद काढून एका दलित पोराला मारून टाकल्याची फिर्याद झाली. रिंगटोन, म्हणजे किरकोळच की. 20 मार्च 1927 ला महाडला आपले लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले, आणि परत फिरताना त्यांची डोकी फोडली गेली. आजच्या पेपरवाल्याला ती बातमी द्या, तो लिहील: 'पाणी पिण्याच्या किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी, महाडमध्ये तणावपूर्ण शांतता, परिस्थिती नियंत्रणात.' हसू नका. रोज असंच लिहिलं जातंय. चार हजार वर्षांचं कारण यांना किरकोळ वाटतं.

'दोन गटांत.' एका बाजूला अख्खा गाव, दुसऱ्या बाजूला वेशीबाहेरची आठ घरं. झाले दोन गट! जसे काही कबड्डीचे संघ. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात मार खाणारा अनुसूचित जाती-जमातीचा आणि मारणारा त्याबाहेरचा, हे सांगावंच लागतं. कायद्याला जात विचारावी लागते. बातमीला मात्र जात विचारायची लाज वाटते. ही लाज लग्नाच्या छोट्या जाहिराती छापताना कुठं जाते?

'अनैतिक संबंधातून.' 29 सप्टेंबर 2006, खैरलांजी, जिल्हा भंडारा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाने मारले. सुरुवातीला बातमी आली ती चिमूटभर, आणि तिला रंग दिला अनैतिक संबंधांचा. जमीन नाही, जात नाही, पोलिसात दिलेली साक्ष नाही. बाईचं चारित्र्य! तीन दिवसांनी, 2 ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा सुवर्णमहोत्सव होता. लाखो माणसं जमली होती, शेजारच्याच जिल्ह्यात काय झालंय याचा त्यातल्या बहुतेकांना पत्ता नव्हता. एवढी माणसं हातात पेपर घेऊन आली असतील! पेपरात ते नव्हतंच. पहिलं वाक्य खोटं पडलं की लाखो माणसं आंधळी होतात. ती बातमी मोठी झाली ती महिनाभराने, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. आणि 2008 साली कोर्टाने शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटीचं कलम लावलं नाही. पहिल्या वाक्यातून जात गेली ती निकालातही परत आली नाही.

मरणालाही यांनी जाती ठेवल्यात. शेठ गेला की 'दुःखद निधन'. महाराज गेले की 'देहावसान'. हमाल गेला की 'इसमाचा मृतदेह आढळला'. मंत्री 'म्हणाले', मजूर 'म्हणाला'. मनूने याहून वेगळं काय केलं?

बातमीच्या बांधणीला ते उलटा पिरॅमिड म्हणतात. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत जातो. म्हणून वरच्या मजल्यावर पालकमंत्री भेट देतात, त्याखाली आयुक्त चौकशीचे आदेश देतात, त्याखाली आमदार हळहळ व्यक्त करतात, आणि तळाला मेलेल्याचं नाव असतं. तेवढंच कात्रीत सापडतं. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, त्याच्या अग्रलेखात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. मजल्यांवर मजले आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही. पेपरवाल्यांनो, तुमचा पिरॅमिड उलटा करा, सुलटा करा, जिना कुठाय?

त्या 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आणि 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. म्हणजे आपण आहोत, हे सांगणारं पहिलं वाक्य पैसे मोजूनही मिळत नव्हतं. म्हणून बाबासाहेबांनी आपली पत्रं काढली. महाडनंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 ला, 'बहिष्कृत भारत' उभं राहिलं. डोकी फुटली ती कोणी फोडली, हे कर्त्यासकट लिहायला.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. पँथर हे नाव आपण ज्यांच्यावरून घेतलं त्या काळ्या लोकांच्या अमेरिकेत आयडा वेल्स नावाची बाई होऊन गेली. 1862 साली गुलामीत जन्मली, शाळामास्तरीण झाली, मेम्फिस शहरात पेपर चालवू लागली. 1892 साली तिच्या ओळखीच्या काळ्या किराणा दुकानदाराला आणि त्याच्या दोन साथीदारांना गोऱ्या जमावाने मारलं. गोरे पेपर अशा प्रत्येक खुनाला एकच कारण छापायचे: गोऱ्या बाईवर हात टाकला. त्यांचंही 'अनैतिक संबंधातून'. हिने काय केलं? शिव्या नाही दिल्या. एकेक प्रकरण घेऊन चौकशी केली, गोऱ्यांच्याच पेपरांतले आकडे गोळा केले, आणि दाखवलं की कारण दुसरंच आहे. दुकान चालत होतं, हे कारण आहे. जमावाने तिचं कार्यालय फोडलं. ती शिकागोला गेली आणि 1895 साली सगळा हिशेब पुस्तकात छापला. पुलित्झरवाल्यांनी तिचा सन्मान केला 2020 साली, ती मेल्यावर 89 वर्षांनी. आपल्याला तेवढं थांबायचं नाही.

आणखी एक. 7 ऑगस्ट 2018 ला केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने टीव्हीवाल्यांना कळवलं की 'दलित' शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. आधार काय, तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश. बघा गंमत. अनुसूचित म्हणजे यादीत घातलेला. यादीत कोणीही कोणालाही घालतं. दलित म्हणजे दळलेला, दडपलेला. हा शब्द उच्चारला की लगेच प्रश्न येतो, दडपलं कोणी? या एका शब्दाच्या पोटात कर्ता दडून बसलाय. म्हणून तो नको. पँथरच्या जाहीरनाम्याने या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे घेतले होते. माझा मेलेला जोडीदार त्यात तीनदा बसतो.

आता आपली बारी. दुसऱ्याच्या पाठीवर चाबूक ओढणं सोपं असतं.

तो मेला त्या रात्री मी पत्रक लिहिलं. पहिलं वाक्य होतं: 'नराधम भांडवलशाहीच्या रक्ताळलेल्या जबड्यात आणखी एक सूर्य गडप!' मला ते फार आवडलं होतं. सकाळी डॉकवर वाचून दाखवलं. आमच्या टोळीत एक म्हातारा हमाल आहे, अंगठेबहाद्दर. तो बिडी विझवून म्हणाला, "झ्याक हाय. पण मेलं कोण? आन् थप्पी कितीची व्हती, ते कुठं लिवलंय?"

कानफटात बसल्यासारखं झालं. थप्पी! बारा खोक्यांच्या वर लावायची नाही, असं खोक्यावरच छापलेलं असतं. त्या दिवशी दोन कंटेनर जास्तीचे आले, जागा नव्हती, मुकादम म्हणाला अठरा लावा. आम्ही लावली. मी लावली, हे लिहिताना हात थरथरतो, पण कर्ता लपवायचा नाही असं ठरवलंय ना! वरची सहा खोकी माझ्या हातची होती. हे सगळं मला माहीत होतं आणि मी सूर्य गडप करत बसलो होतो. पेपरवाल्याने कर्ता गाळला तो मालकासाठी. मी गाळला तो कवितेसाठी. मेलेल्याला दोन्ही सारखंच.

मी ते फाडलं आणि लिहिलं: 'बारा खोक्यांची थप्पी लावायची असताना ठेकेदाराच्या मुकादमाने अठरा लावायला लावली आणि बुधवारी दुपारी तीन वाजता ती कोसळून चोवीस वर्षांचा हमाल तिच्याखाली मेला.' सहा ककार मोजून घ्या. एकही विशेषण नाही. ते घेऊन मी त्या वार्ताहराकडे गेलो. तो म्हणाला, "हा आरोप झाला. बातमीत आरोप चालत नाही." मी म्हटलं, "मग मद्यधुंद हा काय झाला, आरती?" तो म्हणाला, "सुपरवायझरनं सांगितलं तसं लिहिलं." मी म्हटलं, "आम्ही अकरा जण तिथं होतो, आम्हाला का नाही विचारलं?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, मला बातमीचे पैसे मिळत नाहीत, जाहिरातीचं कमिशन मिळतं. वाढदिवसाचं पान कोण देतं, तू देणार?" त्याच्या पायातली चप्पल माझ्यापेक्षा झिजलेली होती. मी त्याला शिवी देणार होतो, नाही देता आली. जाहिरात हातात धरून बातमीचा गळा दाबणं 1920 पासून चालूच आहे, फक्त गळे बदललेत.

तोवर उशीर झाला होता. ठेकेदाराच्या माणसाने मेलेल्याच्या भावापुढे पेपरचं कात्रण ठेवलं. "छापून आलंय. केस केली तर कोर्टात हेच वाचतील. पोराची अब्रू जाईल. पन्नास हजार घ्या आणि गावाला जा." नुकसानभरपाईच्या कायद्यात असं आहे की माणूस कामावर मेला तर 'प्यायला होता' ही सबब मालकाला चालत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भावाला नव्हतं. बायकोला नव्हतं. शवविच्छेदनाचा कागद नंतर आला, त्यात दारूचं नाव नव्हतं. तोवर अंगठा उठला होता आणि ती रात्रीच्या गाडीने परभणीला गेली होती. पोटात सहा महिन्यांचं होतं. कर्जाचा नव्हे, नशिबाचा नव्हे, एका विशेषणाचा तो अंगठा होता. मद्यधुंद.

म्हणून म्हणतो, आपलं बघा. आपल्या चळवळीची पत्रकं बघा. पहिलं वाक्य: 'मा. श्री. अमुक साहेब यांच्या आदेशानुसार, मा. तमुक साहेब यांच्या प्रमुख उपस्थितीत'. तीन ओळी साहेब, चौथ्या ओळीत 'जाहीर निषेध', आणि अत्याचार कुठल्या गावात, कोणावर झाला ते मागच्या बाजूला, फोटोंच्या खाली. हाही उलटा पिरॅमिडच, फक्त निळ्या शाईतला. 'नराधम', 'माणुसकीला काळिमा', 'थरकाप' हे शब्द आपण त्यांच्याकडूनच उचललेत. काळिमा काय? काळं असणं वाईट हे कोणी शिकवलं? आणि राक्षस म्हटलं की माणूस सुटतो. राक्षसावर कलम लागत नाही. नाव, गाव, हुद्दा, तारीख, वेळ लिहा. त्याच्यावर कलम लागतं.

काही घडलं की पत्रकाआधी तिथं जा. जो हजर होता त्याला विचारा, आणि त्यातला सगळ्यात कमी शिकलेला आधी गाठा. आकडा आणा. पहिल्या वाक्यात ज्याने केलं तो आणि ज्याला सोसावं लागलं तो, दोघंही उभे करा. सिद्ध करता येणार नाही ते लिहू नका. आपलं एक वाक्य खोटं निघालं तर त्यांची हजार खरी ठरतात. पोलिसात फिर्याद लिहिली जाते तिथं शेजारी बसा, आणि 'दोन गट' आलं की पेन धरा. कागदाचं पहिलं वाक्य सुटलं तर पुढची वीस वर्षं कोर्टात त्याच्या मागे पळायचं.

परवा डॉकवर मुकादम म्हणाला, पंधरा लावा. म्हातारा हमाल खाली बसला आणि त्याने बिडी पेटवली. मग मी बसलो. मग सगळे. अर्धा तास कंटेनर उभा होता. थप्पी बाराचीच लागली.

ही बातमी कुठल्याही पेपरात आली नाही, म्हणून मीच देतो: 'पंधरा खोक्यांची थप्पी लावायला बारा हमालांनी नकार दिला.'

कर्ता हजर आहे. जयभीम.